बर्फाच्या सिनेमाचा शेवट

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात लाल टोप्या येतात. लिफ्टसमोर प्लास्टिकचं झाड उभं राहतं आणि ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, सुट्टीत बघायला तुमचा आवडता ख्रिसमस सिनेमा कोणता? मग दिवसभर नावांचा पाऊस. मी कधी उत्तर देत नाही. एक तर मला असल्या खेळांचा वैताग येतो. आणि दुसरं म्हणजे माझ्या आवडत्या सिनेमाचं नावच मला माहीत नव्हतं. त्याचा शेवटही मी पाहिलेला नव्हता.

आमच्या घरात त्याला 'बर्फाचा सिनेमा' म्हणायचे. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि केबल नुकतीच आली होती. एका इंग्रजी चॅनेलवर दर पंचवीस डिसेंबरला दुपारी हा जुना काळापांढरा सिनेमा लागायचा. एका डोंगराळ गावात पाव भाजणारा एक माणूस, त्याची बायको आणि सात वर्षांचा मुलगा. नाताळच्या नाटकात मुलाला चांदणी धरून चर्चमध्ये चालायचं असतं. बापाने कागदाची मोठी चांदणी करून दिलेली असते. पण आदल्या दिवशी पोराला ताप भरतो. बाहेर बर्फ. बाप घसरगाडीला घोडा जुंपून शहरातल्या डॉक्टरला आणायला निघतो. परत येताना गाडी बर्फात रुतते. तिथपर्यंत मला सगळं पाठ होतं.

त्या सिनेमाबद्दल बोलायचं तर आधी माझ्या भावाबद्दल सांगावं लागेल. तो साडेचार वर्षांचा असताना गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. श्रावणात त्याला ताप आला, डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी ठाण्याला न्या म्हणून सांगितलं, आणि पाचव्या दिवशी आईबाबा दोघंच परत आले. आईच्या हातात त्याची निळी वॉटरबॅग होती. ती तिने स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. कुणी काढली ते मला आजही माहीत नाही. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. आठवडाभरात ते कामावर गेले. त्यानंतर आमच्या घरात भावाचं नाव घेतलं गेलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. घेतलं गेलं नाही एवढंच.

आईने तर बसणंच सोडून दिलं होतं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ती उभी असायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. त्या डिसेंबरात मामा आला आणि तिला खोपटच्या डेपोतून एसटीत बसवून कोकणात घेऊन गेला, महिनाभर माहेरी राहील म्हणून. नाताळच्या सुट्टीत घरात मी आणि बाबा दोघंच. पंचवीस तारखेला मी खाली खेळायला गेलेले. अंधार पडल्यावर वर आले तर घरात दिवा नव्हता, फक्त टीव्ही चालू होता आणि त्यावर नावं सरकत होती. बाबा खाली सतरंजीवर बसले होते. समोर परातीत मटार होते, एकही शेंग सोललेली नव्हती.

"कसा होता सिनेमा?" मी विचारलं.

"संपला," बाबा म्हणाले, आणि उठून टीव्ही बंद केला.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी आई घरात होती. बाबा पाणी भरत होते, टीव्ही मीच लावला होता. आई हातात फडकं घेऊन मधल्या दारात थांबली. पडद्यावर तो पाववाल्याचा मुलगा चांदणी डोक्यावर धरून घरभर चालत होता, आणि त्याची आई त्याच्या मागे मागे त्याचा सदरा खोचत होती. आई बघत राहिली. मग तिने मटारची पिशवी आणली आणि चक्क खाली बसली. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. दीड वर्षात मी तिला तशी बसलेली पाहिली नव्हती.

मला वाटतं, तिला बसता आलं त्याचं एक कारण असं की तो सण आमचा नव्हता. गणपतीत ती गावी सासरच्या चुलीपुढे, दिवाळीत कढईपुढे, संक्रांतीला तिळाच्या पाकापुढे. नाताळात तिला काहीच करायचं नसायचं. बाबांना सुट्टी, मला सुट्टी, आणि कुणा दुसऱ्यांच्या सणामुळे आईलाही सुट्टी.

बाबा पाणी भरून आत आले. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांनी पाहिलं, मग आईकडे पाहिलं. त्यांचा हात बटणाकडे गेला होता हे मला आठवतं. पण आई बसली होती. ते तिच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलायला लागले. गाडी बर्फात रुतली, घोडा खाली बसला, पाववाला उडी मारून उतरला, आणि बाबा एकदम म्हणाले, "अगं, दिवेलागण झाली. ऊठ, दिवा लाव."

आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागेपर्यंत टीव्ही बंद ठेवायची पद्धत होती. पद्धत आईची. बाबांचा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता. त्यामुळे मला नवल वाटलं. आई मात्र लगेच उठली. बाबांनी टीव्ही बंद केला. आई आत देव्हाऱ्यापाशी गेली, आणि मी हातपाय आपटायला लागले.

"आता शेवट कसा कळणार?"

"मी सांगतो ना," बाबा म्हणाले. "मी पाहिलाय. डॉक्टर पोचतो. पोराला औषध देतो. पोरगं बरं होतं. मग जूनमध्ये त्याला पहिलीत घालतात. पहिल्या दिवशी लय रडतो, मग बाई त्याला पुढच्या बाकावर बसवतात."

"बर्फाच्या गावात पण जूनमध्येच शाळा?"

"शाळा सगळीकडे जूनमध्येच," बाबा म्हणाले.

त्यानंतर दरवर्षी हेच. सिनेमा लागायचा, आई मटार घेऊन बसायची, गाडी रुतली की बाबा तिला दिव्यासाठी उठवायचे आणि शेवट सांगायचे. बाबांना इंग्रजी टाइट, लूज आणि रिजेक्ट एवढंच यायचं, पण शेवट सांगताना त्यांना शब्द कमी पडायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी तो मुलगा दुसरीत गेला आणि तेराच्या पाढ्याला अडला. तिसऱ्या वर्षी भाड्याची सायकल शिकताना पडला आणि गुडघा फोडून घेतला. चौथ्या वर्षी चौथीच्या स्कॉलरशिपला बसला. "त्यांच्याकडे स्कॉलरशिप असते का, बाबा?" "असते गं. अभ्यास कोणाला चुकलाय!" मला हसू यायचं. दरवर्षी वेगळं सांगता म्हणून मी त्यांना चिडवायचे. ते म्हणायचे, "सिनेमा लांबलचक आहे, एका वर्षात संपत नाही."

तो वर्षावर्षाने मोठा होत होता, आणि नेमका कोणत्या हिशेबाने, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी वर्गात पहिली यायचे, पण एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

एका वर्षी चॅनेलवाल्यांनी सिनेमा तासभर आधी लावला. गाडी रुतली तेव्हा समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर चांगलं पिवळं ऊन होतं. तरी बाबा म्हणाले, "अगं, दिवेलागण झाली." मी ओरडले, "बाबा, ऊन आहे अजून!" आईने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली आणि उन्हात दिवा लावायला गेली.

आता पाचव्या वर्षाबद्दल. ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. मी चौदा वर्षांची होते, आणि त्या वयात मला सगळ्याचाच राग यायचा. मैत्रिणींबरोबर ठाण्याला तलावपाळीवर जायचं होतं, आईने नको म्हटलं होतं, आणि मी तोंड फुगवून बसले होते. बाबांनी टीव्ही बंद केला आणि सांगायला लागले. आता तो पाचवीत गेला, मोठ्या शाळेत, वर्गात सगळ्यात बुटका म्हणून त्याला—

"मेला असणार तो," मी म्हणाले. "असल्या सिनेमात शेवटी मरतंच कोणीतरी. तुम्ही उगाच काहीही सांगता. मी काय लहान आहे का आता?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते, एक थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. ते उठले आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागले. ओलेसुद्धा काढले. आई बऱ्याच वेळाने देव्हाऱ्यापासून बाहेर आली, मटारची परात उचलली आणि परत आत गेली.

पुढच्या नाताळला बाबांनी कंपनीत ओव्हरटाइम घेतला. सिनेमा लागला असेलही, आमच्याकडे टीव्ही कुणी लावला नाही. आईही परत उभीच राहायला लागली. मी दहावीच्या अभ्यासात होते, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळी चहा पिता पिता, कुणाला काही करायला न लावता. आई डोंबिवलीतच राहते. माझ्याकडे ठाण्याला चल म्हटलं की "बघू" म्हणते. गेलं वर्षभर तर ती बघूसुद्धा म्हणत नव्हती. टीव्हीवर तिने जुनी साडी घालून ठेवली होती. जेवण एका वेळचं. मी एकदा संध्याकाळी गेले तर देव्हाऱ्यात अंधार होता. "दिवा?" मी विचारलं. "लावते कधी कधी," ती म्हणाली. मला त्या दिवशी भीती वाटली. बाबांच्या मागोमाग तीही जायला निघाली आहे आणि मी नुसती दर रविवारी भाजी पोचवते आहे, असं वाटलं.

मग या डिसेंबरात पुन्हा लाल टोप्या आल्या, पुन्हा तो प्रश्न आला, आणि मी पहिल्यांदा तो मनावर घेतला. बाबांचा कारखाना केव्हाच पडला, पण माझं काचेचं ऑफिस त्याच वागळे इस्टेटमध्ये, त्यांच्या गेटपासून दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे बसून मी फोनवर शोधायला सुरुवात केली. पाववाला, बर्फ, कागदाची चांदणी, आजारी मुलगा. तीन दिवस लागले. कुणीतरी कुठल्याशा जुन्या कॅसेटवरून तो नेटवर चढवून ठेवला होता. पहिल्याच दृश्यात ती भट्टी दिसली आणि मी लगेच आईला फोन लावला. धीर धरणं माझ्या रक्तातच नाही.

"आई, बर्फाचा सिनेमा सापडला!"

 "पंचवीस तारखेला ये मग," ती म्हणाली. " मटार आणून ठेवते."

वर्षभरात तिने मला 'ये' म्हटलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की दुपारी डबा खाताना मी कानात इयरफोन घालून सिनेमाचा शेवट लावला.

गाडी रुतते. पाववाला डॉक्टरला पाठीवर घेतल्यासारखा ओढत बर्फातून चालतो. दार उघडतो. बायको पलंगापाशी बसलेली असते आणि उठत नाही. एवढंच. एकही शब्द नाही, इंग्रजी येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. चर्चमध्ये दुसराच मुलगा चांदणी धरून चालतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, गावाला पाव लागणारच म्हणून, बाप उठून भट्टी पेटवतो.

मी डबा तसाच बंद केला. जिन्यात जाऊन बसले. परातीतले न सोललेले मटार मला दिसायला लागले. आठवडाभरात कामावर गेलेले बाबा दिसले. टाकीवर ऊन असताना लावलेला तो दिवा. त्या माणसाने हा शेवट एकट्याने पाहिला होता, आणि पाच वर्षं माझ्या आईला तो दिसू दिला नव्हता. आणि त्यालाच मी म्हणाले होते, मेला असणार.

पण आता आईला सांगून बसले होते. सापडला नाही म्हणावं, तर तिने मटार आणले असणार. शेवटी मी बाबांचीच युक्ती करायचं ठरवलं. पंचवीस तारखेला सूर्य किती वाजता मावळतो ते फोनवर पाहिलं, मागे मोजत गेले, आणि गाडी बरोबर तिन्हीसांजेला रुतेल अशा बेताने फोन टीव्हीला जोडून सिनेमा लावला.

आईने टीव्हीवरची साडी काढून घडी करून ठेवली होती. ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. गुडघे दुखतात म्हणून खाली उशी घेतली, एवढाच फरक. आम्ही शेंगा सोलत होतो. मुलगा चांदणी घेऊन घरभर फिरला तेव्हा ती हसली. "सदरा बघ कसा बाहेर आलाय," म्हणाली. माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच. बाहेर काळोख पडायला लागला. घोडा खाली बसला.

"आई," मी म्हटलं, "दिवेलागण झाली."

"हो," ती म्हणाली. "आज तू लाव."

"मी? बरं. टीव्ही बंद करते मग. आपल्याकडे दिव्याच्या वेळेला—"

"राहू दे चालू," ती म्हणाली.

मी रिमोट हातात घेऊन उभी राहिले. ती माझ्याकडे बघतही नव्हती. "आई, नको ना बघूस," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला. तेव्हा तिने वर पाहिलं.

"अगं, मला माहितीये," ती म्हणाली. "जा, दिवा लाव."

मी आत गेले. काडी तीनदा विझली. बाहेरून चर्चच्या घंटांचा आवाज येत होता. दिवा लावून परत आले तेव्हा पाववाला भट्टीत लाकडं सारत होता, आणि आईच्या हातात शेंग तशीच होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागायचा हा," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी पाहिला मी. हे कंपनीत, तू खाली. तेव्हा कळलं मला, हे मला का उठवतात ते."

"मग तू बाबांना बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्यांना रडता यायचं नाही, बोलता यायचं नाही. तेवढं एक करत होते माझ्यासाठी. करू दिलं."

पडद्यावर नावं सरकायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. मला तिची माफी मागायची होती, पण माफी ज्यांची मागायची ते नव्हते. "मी त्या वर्षी जे बोललेले ना, आई," मी म्हटलं, "बाबांना, ते—"

"लहान होतीस," ती म्हणाली. मग शेंग सोलून दाणे परातीत टाकले. "मी दिवा लावून तिथेच उभी राहायचे, माहितीये? बाहेर यायचे नाही. हे सांगायचे ते ऐकायला. वर्षभर वाट बघायचे मी त्या दिवसाची. सायकलवरून पडला तेव्हा मला खरंच काळजी वाटलेली, टाके पडले की काय म्हणून. यांना विचारणार कसं?"

 बाहेर पूर्ण अंधार झाला होता, पण दिव्याचा उजेड मधल्या दारापर्यंत येत होता.

"पाचवीत होता," आई म्हणाली. "सगळ्यात बुटका म्हणून त्याला काहीतरी झालेलं वर्गात. पुढे काय झालं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. गेली कितीतरी वर्षं ते पोर तिच्यासाठी पाचवीच्या वर्गात तसंच उभं होतं, आणि त्याला तिथे मी उभं करून ठेवलं होतं.

"त्याला," मी म्हटलं, "पहिल्या रांगेत उभं करायचे, प्रार्थनेला. त्याला राग यायचा. पण सहावीत उंच झाला एकदम."

"कपडे सगळे आखूड झाले असतील."

"हो. सातवीत क्रिकेट खेळताना खालच्यांची काच फोडली. बाबांनी बसवून दिली."

"हेच बसवणार," आई म्हणाली. "आणि आठवीत?"

आठवी सांगितली, नववी सांगितली. मला काही सुचत नव्हतं, आणि तरी येत होतं. परातीतल्या शेंगा संपल्या तरी आमचे हात त्यातच होते. ती मधे मधे विचारायची, ताप वगैरे आला नाही ना मोठा? मी म्हणायचे, नाही, नाही आला.

"दहावीला किती पडले?"

मी जरा विचार केला. "बहात्तर टक्के."

"बरे आहेत की," आई म्हणाली. "यांचा जीव भांड्यात पडला असेल." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडायला लागली, परात मांडीवर घेऊन, मोठ्याने.